पाच बोटांत बसेल इतकं

इमारतीत बातमी अशी, की आत्याने हॉस्पिटलच्या चाळीस खाटा पुसून टाकल्या.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती जिन्यात सांगितली, तेव्हा आवाज इतका खाली आणला होता की तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला. "रागाच्या भरात हो. कॉम्प्युटरवर बसली आणि पुसत गेली, पुसत गेली. आता सक्तीची रजा. बघा ना, भर कामाच्या दिवशी गॅलरीत पाय लांब करून बसलेली असते. पायाला पट्टी आहे ती आपली लोकांना दाखवायला." मग जरा थांबून, जिभेवर खडीसाखर घोळवल्यासारखं, "बाई चांगली आहे हो. पण चांगल्या माणसाचा राग वाईट."

यातलं पुसणं तेवढं खरं. राग खोटा. रागवायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तो आत्याकडे कित्येक वर्षांत शिल्लक नव्हता. रजाही सक्तीची नव्हे. ती आत्यानेच मागितलेली, तीनदा मंजूर झालेली आणि तीनदा तिनेच परत केलेली. आणि खाट तर एकही गेली नाही, उलट सहा सापडल्या. हे काकूंना सांगून उपयोग नव्हता, कारण दुसऱ्याची गोष्ट अर्ध्यात तोडून पुढची स्वतः सांगायची त्यांना सवय आहे. म्हणून इथे पहिल्यापासून.

आत्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहते. पन्नाशी कधीच ओलांडली. आधी फक्त भाची तिला आत्या म्हणायची, मग भाचीच्या मैत्रिणी म्हणू लागल्या, मग दूधवाला, मग सगळी इमारत. ही भाची घरात आल्यागेल्या प्रत्येकाचा आवाज काढते, म्हणून तिचं नाव पडलं साळुंकी. आत्याच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि गरम पाण्याची रबरी पिशवी; ती पिशवी संध्याकाळी तिच्या उजव्या गुडघ्यावर मांजरासारखी बसलेली असते.

नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात, पण तळघरात. शेजारी कपडे धुण्याचा विभाग. तिथलं मोठं मशीन चादरी पिळायला लागलं की भिंतीपलीकडे आत्याचं टेबल थरथरतं आणि पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी नाचतात. नवीन माणूस घाबरतो. आत्या तेवढ्या वेळात चहा पिऊन घेते.

तिचं काम म्हणजे खाटांचा प्रोग्राम सांभाळणं. माणूस हॉस्पिटलात आला की खिडकीवरची मुलगी त्याचं वय, आजार, चालता येतं का, ऑक्सिजन लागतो का, असं सगळं भरते, आणि प्रोग्राम सांगतो, अमुक मजला, अमुक खाट. प्रोग्रामात एकेक काम करणाऱ्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. खरं तर असे तुकडे छोटे छोटे असावेत. पण खाट कुणाला द्यायची हा सगळा विचार एकाच फंक्शनमध्ये होता, आणि ते इतकं लांब, इतकं वळणावळणाचं होतं की तळघरात त्याला सगळे आतडं म्हणायचे. "ताई, आतड्यात काहीतरी अडकलंय," असं कुणी म्हटलं की वाटेने जाणारे डॉक्टर थबकायचे.

आतडं वाचायचं म्हणजे असं: रुग्ण लहान मूल आहे का? असेल तर, सोबत आई आहे का? असेल तर, आईलाही ताप आहे का? असेल तर, ताप साथीचा आहे का? नसेल तर, आज मुलांच्या वॉर्डात जागा आहे का? नसेल तर... इथवर येईतो आपण मुलाबद्दल बोलतोय की आईबद्दल, हे वाचणाऱ्याच्या डोक्यातून गेलेलं असायचं.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दर वर्षी कुणी ना कुणी तळघरात उतरायचं आणि म्हणायचं, "ताई, एवढं एकच घाला ना." मुलांचे डॉक्टर म्हणाले, एवढं एकच. हाडांचे म्हणाले, एवढं एकच. आत्याच्या आधीच्या माणसाने घातलं, आत्यानेही घातलं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करतात तसं, प्रत्येकाचा एकच घास, आणि पोटाचं काय ते पोटाला ठाऊक.

पोट म्हणजे आत्या. आतडं अख्खं कळणारी ती एकटीच उरली होती, आणि त्यामुळे फोन. भाजी घेताना फोन, केस कापताना फोन. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना फोन आला, तर तिने दोनदा "आं, आं" केलं आणि पलीकडच्या माणसाने "हो का, बरं ताई, दुसऱ्यांदा जिथे विचारलंय तिथे," म्हणून काम उरकलं. साळुंकी तो "आं, आं" अजून हुबेहूब करते.

गुडघ्यातली गादी झिजून संपली होती. डॉक्टर म्हणाले, बदलायला हवा, आणि नंतर सहा आठवडे पूर्ण विश्रांती. आत्याने विचारलं, "फोन चालेल?" डॉक्टर म्हणाले, "फोन गुडघ्याने घेता का?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "पहिले काही दिवस नकोच. औषधांच्या गुंगीत तुम्ही काहीतरी सांगाल आणि वर कुणीतरी तसंच करेल."

झालं, तिढा तिथेच होता. सहा आठवडे तिला न विचारता दुसऱ्या कुणाला आतडं वाचता आलं, तर गुडघा. नाहीतर काठी.

दोनदा तारीख ठरली. दोन्ही वेळा आदल्या आठवड्यात आतड्यात काहीतरी निघालं आणि आत्या जिना उतरून परत टेबलाशी जाऊन बसली. पायऱ्या उतरताना ती एक पाय ठेवायची, दुसरा त्याच्याशेजारी आणायची, मग पुढची पायरी. वरच्या मजल्यावर चढून येणाऱ्याला लांबून वाटायचं, बाई कसलातरी विचार करत उतरतेय.

आतडं मोजायची तिची स्वतःची एक रीत होती. मोठ्याने वाचायचं. "जर" आला की हाताचं एक बोट मिटायचं. तो "जर" संपला की बोट उघडायचं. वाचता वाचता पाचही बोटं मिटून मूठ झाली, की थांबायचं. त्यापुढचं माणसाच्या डोक्यात राहत नाही. आतड्यात कित्येक ठिकाणी दोन्ही मुठी व्हायच्या आणि पान उलटायला हात उरायचा नाही.

एकदा मटार सोलताना तिने हे वहिनीला समजावलं. वहिनी म्हणजे साळुंकीची आई.

"म्हणजे फाटे फोडणं," वहिनी म्हणाली. "सरळ चाललेल्या गोष्टीला."

"तेच. फाटे मोजायचे आणि कमी करायचे."

"आमच्याकडे हे फोडायचं काम तुझा दादा फुकट करतो. सिनेमाला जाऊ म्हटलं की, पाऊस आला तर, आला आणि रिक्षा नाही मिळाली तर, मिळाली आणि तिकिटं संपली तर."

"किती बोटं झाली?"

"तीन. आणि घरातच बसलो."

आत्या हसली. म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. त्या दिवसांत तेवढंच हसू असायचं.

मग वरच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर रंगीत तक्ते. सगळं हिरवं असलं की साहेब खूश, म्हणून ते हिरवे साहेब. ते प्रत्येक वाक्य "काय आहे की" ने सुरू करतात आणि "बरोबर?" ने संपवतात, मधे आपण बोलायचं नसतं. त्यांनी फाटे मोजणारं एक साधन आणलं. फंक्शनमधून जायच्या वाटा किती, ते साधन मोजतं. एकही "जर" नसेल तर वाट एक, आणि दर "जर"ला एक वाढते. दहापर्यंत हिरवं, वर लाल.

आत्याला ते साधन आवडलं, हे इथे सांगायला हवं. कित्येक वर्षं बोटांवर मोजलेलं कुणीतरी पडद्यावर दाखवत होतं. आतड्याचा आकडा निघाला तीनशे चाळीस.

"काय आहे की ताई," हिरवे साहेब म्हणाले, "हे तीन महिन्यांत हिरवं झालं पाहिजे. बरोबर?"

"वर्ष लागेल, साहेब."

"काय आहे की, तुमची शस्त्रक्रियाही आहे. तुम्ही तपासण्या करून घ्या. हे आपण कात्रीला देऊ."

कात्री म्हणजे तळघरातला नवा इंजिनिअर. हुशार, बारीक, आणि कुठलंही काम सांगा, "होऊन जाईल." ते नाव त्याला नंतर पडलं. त्याने काय केलं, तर आतडं वरून खालपर्यंत कापलं. थोडं वाचलं, कापलं. पुढचं थोडं, कापलं. तुकड्यांना नावं दिली, खाट भाग एक, खाट भाग दोन, अशी थेट बावन्नपर्यंत. भाग एक संपला की भाग दोनला हाक मारायची, आणि जाताना अकरा गोष्टी त्याच्या हातात द्यायच्या. एकाही भागात दहापेक्षा जास्त फाटे नव्हते. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला, जणू कुणी भात लावलाय. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलची लिफ्ट बिघडली. नियम साधा होता: ज्याला चालता येत नाही त्याला वरच्या मजल्यांची खाट नको. "होऊन जाईल," म्हणत कात्रीने तो भाग सतरामध्ये घातला. पण हाडांच्या डॉक्टरांकडून येणारे रुग्ण भाग नऊमधून थेट भाग एकतीसमध्ये उडी मारायचे. ते कळायला बावन्न भाग डोक्यात हवेत. पायाला प्लास्टर घातलेल्या एका आजोबांना प्रोग्रामने तिसऱ्या मजल्याची खाट दिली. मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्या वॉर्डांवर देखरेख करणाऱ्या, जिन्याच्या तोंडाशी स्ट्रेचर अडवून उभ्या राहिल्या.

"ह्यांना काय पंख लावू का मी?" त्या म्हणाल्या. आजोबांना तळमजल्यावरच ठेवलं.

आत्या त्या वेळी वर, दुसऱ्या मजल्यावर, हृदयाची तपासणी करून घेत होती. छातीला पाच-सहा तारा चिकटवलेल्या. फोन वाजला.

"ताई," कात्री म्हणाला, "भाग सतरात घातलंय, पण लागत नाही."

"कोण कुठून आलं?"

"तेच तर दिसत नाही ताई. सगळं हिरवं आहे."

आत्याने तारा काढून द्यायला सांगितलं. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "पुन्हा कधी येणार?" आत्या म्हणाली, "बघू." लिफ्ट बंद, म्हणून एक पाय, मग दुसरा, मग पुढची पायरी, असं करत ती तळघरात गेली. तिसरी तारीख अशी गेली.

तळघरात साहेबही उतरले होते. "काय आहे की, आकडे तर सगळे बरोबर आहेत," ते म्हणाले. त्यांनाही खरंच कळत नव्हतं, आणि ते तसं म्हणालेही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

आत्या खुर्चीत बसली, पाय दुसऱ्या खुर्चीवर घेतला. "साहेब, ताप मोजण्यात काही वाईट नाही. पण थर्मामीटर गार पाण्यात बुडवला आणि ताप उतरला म्हणालो, असं झालंय हे."

कात्रीचा चेहरा पडला. "पण बोटं तर तीनच मिटतात, ताई. मी वाचून बघितलं."

"बोटं तीन. आणि पानं किती उलटलीस?"

तो पडद्यावर पानं मोजायला लागला.

"आधी एका घरात हरवायला होत होतं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेवढा उत्साहच नव्हता. "आता बावन्न घरं आहेत आणि दारांवर नावं नाहीत. चल, बस. पुन्हा करू. सावकाश."

त्या "सावकाश" ला जवळजवळ एक वर्ष लागलं.

पहिल्यांदा तिने मोठ्या सिस्टरांना तळघरात बोलावलं. ड्यूटी संपली की त्या यायच्या, धुण्याच्या विभागातून एक स्टूल ओढून घ्यायच्या, आणि घड्याळ उलटं करून टेबलावर ठेवायच्या. आत्याचा नियम असा, की कात्रीने एकेक तुकडा मोठ्याने वाचायचा, आणि सिस्टरांना तो जसाच्या तसा कळला पाहिजे. त्यांना प्रोग्राम येत नाही, पण खाट कुणाला द्यायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या. कळलं की म्हणायच्या, "पुढे." नाही कळलं की डोळे उघडायच्या. बस्स, एवढंच. कात्री सांगतो, की त्या डोळे उघडायला लागल्या की तो आधीच मागची ओळ शोधायला लागायचा.

"ह्या अटी आत आत का नेतोस?" आत्या त्याला विचारायची. "ज्याला खाट द्यायचीच नाही, त्याला दारातच सांग. पाहुण्याला घरात घेतलं, पाणी दिलं, गप्पा मारल्या, आणि मग म्हणालास जागा नाही, तर बरं दिसेल का? 'नाही' आहे ते सगळ्यात वर. मग आत फक्त 'हो'वाले उरतात."

तसं केल्यावर निम्म्या मुठी उघडल्या.

नावांवर तर दिवसेंदिवस जायचे. भाग चौदाचं काय नाव ठेवायचं? त्यात नेमकं काय चालतं हे एका दमात सांगता आलं तर तेच नाव. सांगताना "आणि" आला, तर तो एक तुकडा नव्हे, दोन. कात्री वैतागून म्हणाला, "ताई, बारशालाही इतका वेळ लागत नाही."

"बारशातलं मूल ओरडून सांगतं मी इथे आहे म्हणून. हे सांगत नाही."

एका दुपारी त्याने वाचलं, "मंगळवार असेल तर सात नंबरच्या खोलीतल्या खाटा देऊ नयेत."

सिस्टरांनी डोळे उघडले. "का?"

कात्रीने आत्याकडे बघितलं. पलीकडे मशीन चादरी पिळायला लागलं, टेबल थरथरलं. आत्याने यावेळी चहा घेतला नाही.

"मंगळवारी तिथे फरशी घासायचे," ती शेवटी म्हणाली. "मीच घातलं होतं. जुन्या अधीक्षकांनी सांगितलं, एवढं एकच घाला."

"ती फरशी उखडून टाइल्स बसवल्या, त्याला जमाना झाला," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटायचं, मंगळवारी ती खोली वरच्या लोकांसाठी राखून ठेवतात. म्हणून विचारलं नाही कधी."

सहा खाटा. दर मंगळवारी रिकाम्या, आणि बाहेर बाकांवर माणसं. गुंत्यात सगळ्यांना फक्त आपापला धागा दिसत होता. हा कुणाचाच नव्हता. आत्याने ती ओळ पुसली. मग मागच्या एका वर्षाचे सगळे रुग्ण, म्हणजे त्यांची भरलेली माहिती, जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रोग्रामांतून पुन्हा चालवले. प्रत्येक बदलानंतर ती हे करायची, उत्तरं जुळतात का बघायला. मंगळवारखेरीज सगळी जुळली. "पुढे," ती स्वतःच म्हणाली.

नेहमी असं व्हायचं नाही. बहुतेक वेळा उत्तरं जुळायची नाहीत, आणि बहुतेक वेळा चूक नव्याचीच निघायची. जुन्या आतड्यात घाण होती, पण पन्नास जणांचं शहाणपणही होतं, घाणीतच मिसळलेलं. एखादी ओळ वेडगळ वाटायची आणि काढली की कळायचं, ती कुणालातरी वाचवत होती. मग परत घालायची, नीट नाव देऊन. संध्याकाळी आत्या घरी यायची तेव्हा बोलायला उरलेली नसायची. वहिनी पानं वाढायची, साळुंकी पंगतीत सगळे आवाज काढायची. मोठ्या सिस्टरांचं "पुढे", कात्रीचं "होऊन जाईल", साहेबांचं "काय आहे की, वरण वाढा, बरोबर?" दादा पोट धरून हसायचे. आत्या गुडघ्यावर पिशवी ठेवून जेवायची आणि मधेच म्हणायची, "सिस्टर इतक्या हळू नाही म्हणत. पटकन म्हणतात." साळुंकी पटकन म्हणून दाखवायची. "हां," आत्या म्हणायची, आणि पुन्हा जेवायची.

शेवटी काम झालं, म्हणजे कुणी झालं असं म्हणालं नाही. एक दिवस पुढचं वाचायला काही उरलं नाही. मुख्य फंक्शन आता एका पडद्यावर मावत होतं. कुणाला आपल्याकडे ठेवताच येणार नाही. मग कुणाला एकटं ठेवायचं. मग कुणाला कुणाजवळ. मग उरलेल्यांत सर्वांत जवळची खाट. सिस्टरांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तर मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते ते."

हिरवे साहेब तक्ता घेऊन आले. "काय आहे की ताई, सगळं उत्तम. एक तेवढं लाल आहे. अकरा. बरोबर?"

"साथीच्या आजारांचं आहे ते."

"दोन तुकडे केले तर मूळची एकेक वाट धरून सहा आणि सहा होतील."

"अकरा फाटे आहेत, कारण अकरा प्रकारचे आजार आहेत, साहेब. एकाखाली एक, सरळ यादीसारखे. बोट एकच मिटतं. तोडलं तर कात्रीला परत दोन ठिकाणी बघावं लागेल."

"पण पडद्यावर लाल दिसतंय."

"दिसू द्या," आत्या म्हणाली. "अंगावर एखादा तीळ असतो."

साहेबांनी तक्ता पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाले, "काय आहे की," आणि पुढे काही आलं नाही. ते तसेच वर गेले. लाल अजून आहे.

चौथी तारीख ठरली. हॉस्पिटल तेच. आत्याची माहिती खिडकीवरच्या मुलीने भरली, आणि प्रोग्रामने तिला तळमजल्यावरची, न्हाणीघराजवळची खाट दिली. आत्याने ऐकलं, मनातल्या मनात बोटं मिटून एकदा सगळं तपासलं, म्हणाली, "बरोबर आहे," आणि आडवी झाली.

एक पैजही तिथेच लागली, शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी. साळुंकी पलंगाच्या कडेला बसली होती.

"टाके काढायच्या आत फोन येणार," ती कात्रीच्या आवाजात म्हणाली. "ताई, हे कुठे आहे?"

"नाही येणार."

"लावतेस?"

"काय लावायचं?"

"आला तर घरी गेल्यावर तू मला रोज एकाचा आवाज काढून दाखवायचा. जमो न जमो."

"आणि नाही आला तर महिनाभर तू कुणाचाही आवाज काढायचा नाहीस," आत्या म्हणाली. "काकूंचाही नाही. दूधवाल्याचाही नाही."

वहिनीने मधे पडून अट नीट करून घेतली. काम विचारायला आलेला फोन धरायचा. तब्येत विचारायला आलेला नाही.

नवा गुडघा बसला. आत्या घरी आली. फोन तिच्या उशाशी असायचा. पहिले दिवस ती झोपूनच होती. मग जाग आली की हात आधी फोनकडे जायचा, मग पाण्याकडे. वाजला नाही. ती तो उचलून चालू आहे ना, एवढं बघायची आणि परत ठेवायची. साळुंकीने दोनदा घरच्या फोनवरून लावून बघितला, वाजतो का म्हणून, वाजत होता.

टाके काढायच्या आदल्या दुपारी तो खरंच वाजला. पडद्यावर कात्रीचं नाव. साळुंकी स्वयंपाकघरातून धावत आली आणि बाजूला उभी राहिली, दोन्ही मुठी आवळून.

"ताई, बरं आहे ना?" कात्री म्हणाला.

"बरं आहे. काय अडलं?"

"काही नाही. सहजच."

"अरे सांग. काय अडलं?"

"नाही ताई, झालं ते. परवा मुलांच्या वॉर्डात पाणी गळायला लागलं, अर्धा वॉर्ड बंद केला. नियम घातला. सिस्टरांना वाचून दाखवला. त्या पुढे म्हणाल्या."

"कुठे घातलास?"

"दारातच," तो म्हणाला.

आत्या उशीवर जरा वर सरकली. खाली जिन्यात काकू कुणालातरी काहीतरी सांगत होत्या. "आणि मागचे रुग्ण चालवून बघितलेस?"

"दोनदा. जुळले सगळे. ठेवू का ताई? तुम्ही विश्रांती घ्या."

फोन बंद झाला. आत्याने तो उशाशी ठेवला, मग उचलून टेबलावर ठेवला, हात पोचणार नाही इतका लांब. गेल्या तेवीस वर्षांत तो तिथे नव्हता.

"फोन आला," साळुंकी म्हणाली. "कामाचा होता. वॉर्डाचं बोलला तो."

वहिनीने दारातूनच निकाल दिला. "त्याने सांगितलं. विचारलं नाही. विचारत तर तीच होती."

"पण आत्या..."

"हरलीस," आत्या म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. जिंकल्यासारखी ती दिसत नव्हती. लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस चपला काढून बसतं, तशी दिसत होती. थोड्या वेळाने, झोप लागता लागता, म्हणाली, "मला वाटलं होतं, एकदा तरी विचारतील."

मग ती झोपली, दिवसाउजेडी, तोंड थोडं उघडं ठेवून.

तेव्हापासून साळुंकी पैज पाळते आहे. काकू जिन्यात चाळीस खाटांची गोष्ट नव्याने रंगवतात, दूधवाला दाराशी घसा खाकरतो, आणि घरात एकही आवाज निघत नाही. दादा विचारतात, हिला बरं नाही का. महिना संपायला अजून बरेच दिवस आहेत. आवाज काढायचे नाहीत असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणून मग सगळ्यांचे आवाज हे इथे.